कोरी लहर

वैऱ्याच्या घरचं पाणी पिऊ नये, असं सुवर्णाची आई सांगायची. म्हणून म्हेत्रेकाकांनी पुढे केलेला चहा सुवर्णाने तिपाईवर तसाच निवू दिला. साय धरली, सायीला सुरकुती पडली, तरी तिने कपाला बोट लावलं नाही.

"अगं, घे ना. साखर कमी आहे का?"

"उपास आहे, काका."

"आज कसला?"

"नवा धरलाय," सुवर्णा म्हणाली आणि त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळू लागली.

पायथ्याच्या आरोग्य केंद्रात ती सिस्टर होती. पठारावरच्या या बंगल्यात म्हेत्रे एकटेच राहत. बायको गेलेली, मुलगी परदेशात. छातीचं दुखणं जुनं. दर महिन्याला तपासायला सुवर्णा वर यायची, ती सोपानच्या वेळेपासूनची रीत. सोपान तिचा पाठचा भाऊ. सहा वर्षांपूर्वी घोटवडी गावच्या दरडीखाली गेला.

"गोळ्या चुकवू नका," ती म्हणाली. "नाडी जरा घोड्यावर बसलीय."

"पोरी, तुझ्या हाताला गुण आहे. तू आलीस की निम्मं दुखणं पळतं."

सुवर्णा हसली. हसताना तिची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर गेली. तिथे काळ्या पत्र्याची पेटी बसली होती, समोर गोल काचेचा काटा, बाजूला दोरीसारख्या पिळाच्या वायरीला लटकलेला माइक. म्हेत्र्यांनी तरुणपणी स्वतः जुळवलेला रेडिओ सेट. नाव ठेवलं होतं 'काळी'. खोऱ्यातल्या साऱ्या हौशी रेडिओवाल्यांना काळीचं कवतिक पाठ होतं, कारण दर रविवारी सकाळी ते त्यांना ऐकावंच लागे.

हौशी रेडिओ म्हणजे परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घरात आपलं स्टेशन थाटायचं आणि हवेतून माणसं जोडायची. एरवी नुसत्या गप्पा. कुणाचा अँटेना वाकला, कुणाच्या सुनेने कोणतं पिठलं केलं. पण पूर आला, डोंगर सुटला, मोबाइलचे मनोरे माना टाकून पडले, की हीच रिकामटेकडी मंडळी खोऱ्याची जीभ होतात आणि खोऱ्याचा कान होतात. म्हेत्रे त्यांचे म्होरके. दरडीच्या वेळी तहसील कचेरीत बसून त्यांनी सारे निरोप हाताळले, म्हणून त्यांचा सत्कार झाला होता. शाल अजून भिंतीवर काचेत होती.

"काका, काळीला दुसऱ्या कुणाचा हात लागतो का हो? दुरुस्तीला वगैरे?"

"छे, छे!" म्हेत्रे दुखावल्यासारखे झाले. "बायकोला धूळ पुसू दिली नाही मी कधी. दरडीच्या वेळीसुद्धा कचेरीत सरकारी सेट होता, पण काळीला मांडीवर घेऊन गेलो जीपमधून. एक टाका हलवलेला नाही तिचा. पहिल्या दिवशी होती तशी आज आहे."

"कुणाचाच हात नाही?"

"या एका अंगठ्याशिवाय कुणाचा नाही," असं म्हणून त्यांनी उजवा अंगठा उभा करून दाखवला.

सुवर्णाने पट्टा सोडला. तिला हवं होतं ते मिळालं होतं.

"एक मागते, काका. यंदा सोपानची हाक मी देऊ?"

म्हेत्र्यांचे डोळे पाणावले. ते पाणी खरं होतं की काय, हे सुवर्णाला आजवर कधी कळलं नव्हतं. आता कळून घ्यायचंही नव्हतं.

"तुझाच मान आहे तो," ते म्हणाले.

* * *

सुवर्णाची आई नाचणी दळताना गायची. त्यांच्या धनगरवाड्यात तेव्हा वीज नव्हती आणि जाती घरोघर होती. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या छोटा सोपान सांगायचा, "ही काकूची घरघर, ही थोरल्या आजीची." एकाच खाणीतला दगड, एकाच पाथरवटाचा हात, तरी प्रत्येक जात्याची घरघर वेगळी. पुढे तो रेडिओच्या नादी लागला, बहिणीलाही परीक्षेला बसवलं, ते याच कानामुळे.

नीलोफर तांबोळी सोपानच्या वर्गातली. आता पुण्यात संशोधन करत होती. दोन महिन्यांपूर्वी ती आरोग्य केंद्राच्या दारात उभी राहिली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता की ती काहीतरी जड घेऊन आली आहे.

"ताई, बसून ऐका."

मग तिने समजावलं. विजा कुठे पडणार हे आधी कळावं म्हणून सरकारने डोंगराडोंगरावर मनोरे उभे केले होते. विजेचा कडाका रेडिओलहरींत उमटतो, तो टिपायचा. पण या मनोऱ्यांच्या कानाला गाळणी नव्हती. विजेबरोबर आभाळातली प्रत्येक लहर ते जशीच्या तशी साठवत गेले. पोलिसांचे निरोप, ट्रकवाल्यांच्या शिव्या, रविवारच्या गप्पा, सारं. वर्षानुवर्षं त्या ढिगाकडे कुणी पाहिलं नाही. नीलोफरच्या गटाने तो उपसायला घेतला आणि माणसांच्या ध्यानात आलं की हवेत बोललेलं विरून जात नाही. आभाळाने विसरणं सोडून दिलं होतं. एका आमदाराची खुर्ची गेली, एक मोडलेलं लग्न जुळलं, दोन जुळलेली मोडली.

"आणि त्यावर आम्ही 'ठसा' बसवला," नीलोफर म्हणाली. "बटण दाबलं की सेट लगेच स्थिर होत नाही. डोळ्याची पापणी लवावी इतका वेळ त्याची लहर थरथरते, वरखाली होते, मग सरळ चालते. ती थरथर प्रत्येक सेटची वेगळी. आतले सुटे भाग, सोल्डरचे टाके, घडवणाऱ्याचा हात, सगळं तिच्यात उतरतं."

"जात्याच्या घरघरीसारखं," सुवर्णा म्हणाली.

"सोपान असंच म्हणायचा." नीलोफरने लॅपटॉप उघडला. "ताई, दरडीच्या दिवशीचं सापडलंय."

त्या दिवशी सोपान घोटवडीच्या वरच्या अंगाला, कड्यावर होता. हातात छोटा सेट. वाघजाईच्या डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे दुबळा आवाज उचलून मोठा करून साऱ्या खोऱ्यात टाकणारा खांब, त्याची हाक तहसील कचेरीपर्यंत पोचवायला होता. पण सोपानकडून काहीच आलं नाही. बॅटरी संपली असेल, पावसाने घात केला असेल, असं चौकशीत ठरलं. कुणीतरी मध्येच बटण दाबून धरल्यासारखी एक कोरी लहर येत होती, असं दोघाचौघांनी सांगितलं. पण बिनआवाजाच्या लहरीला कोण ओळखणार? या जातीच्या रेडिओत दोन आवाज मिसळत नाहीत. जोरकस लहर दुबळीला अख्खी गिळते. वर नुसती शांतता उरते.

"कोरी लहर म्हणजे सरळ रेघ. मनोऱ्याच्या साठ्यातून ती पुसून काढली," नीलोफर म्हणाली, "की खालचं उरतं." आणि तिने ते लावलं.

पाऊस. धापा. मग सोपान.

"...शाळेच्या मागची दरड सुटतेय. शाळेत माणसं ठेवू नका. शाळा रिकामी करा. ओव्हर." थोडा वेळ नुसता पाऊस. "कोण आहे? कोणीतरी बटण दाबून बसलंय. माझं ऐका हो, माणसं आहेत तिथं. सोडा हो, सोडा." पुन्हा पाऊस. पुन्हा तेच. पुन्हा. शेवटी आवाज एकदम साधा झाला, घरात बोलावा तसा. "बरं. मीच खाली जाऊन सांगतो."

तो खाली गेला. शाळेच्या पायरीवर सापडला. आतली माणसं आतच राहिली.

सुवर्णाने किती तरी वेळ टेबलावरची कापसाची गुंडाळी उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

"कुणाची लहर?"

"काळीची," नीलोफर म्हणाली. "कचेरीत तेव्हा पालकमंत्री बसले होते. म्हेत्र्यांनी नुकतंच त्यांना सांगितलं होतं, लोक शाळेत सुरक्षित हलवले म्हणून. शाळा त्यांनीच सुचवली होती. साहेबांसमोर सोपान मध्येच ओरडायला लागला असता तर..."

"...तर नाक कापलं गेलं असतं."

"पण ताई, ठसा सेटचा असतो, हाताचा नाही. कोर्ट विचारेल, बटण कुणी दाबलं?"

"कोर्टात कोण चाललंय?" सुवर्णा म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या ओठांवर आईच्या चालीत एक ओवी येऊन बसली. औषधं मोजताना, सुई टोचताना, ती तिच्या नकळत फिरत राहायची:

*पहिली माझी ओवी, ऐकली डोंगराच्या कानानं,*
*भाऊरायाची हाक, गिळली होती रानानं.*

* * *

रेडिओवाल्यांचा एक रिवाज आहे. कुणी वारलं की त्याची कॉलसाइन, म्हणजे हवेतलं त्याचं नाव, तीनदा पुकारतात. प्रत्येक हाकेनंतर थांबतात. उत्तर येत नाही. मग स्टेशन कायमचं शांत झालं असं जाहीर करतात. त्यानंतर ते नाव हवेत जिवंत म्हणून कुणी घेत नाही. सोपानसाठी खोऱ्यातली मंडळी दर वर्षदिनाला त्या तीन हाका पुन्हा देत. आजवर ते काम म्हेत्र्यांचं होतं. आवाज कापरा करून ते इतकं सुंदर द्यायचे की बायाबापड्या रेडिओला हात जोडायच्या.

वर्षदिनाच्या त्या रविवारी नेट, म्हणजे रेडिओवाल्यांची हवेतली बैठक, नेहमीसारखी भरली. वाईचे गुरव सर म्हणाले, "इकडे पाऊस नरम, गुडघे कडक, बाकी ठीक." हसाहशी झाली. म्हेत्र्यांनी ठशाची आठवण दिली. चोरून हवेत घुसणारे पकडायला ठसा उत्तम, म्हणून त्यांनीच प्रत्येक सदस्याला तो सेटवर बसवायला लावला होता. कुणी बटण दाबलं की आता सगळ्यांच्या पडद्यावर त्या सेटच्या थरथरीचं चित्र उमटायचं. मनोऱ्यांचा साठा उपसताना दरडीचा दिवसही हाती लागलाय, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. मग ते म्हणाले, "यंदाची हाक सोपानची बहीण देईल. सुवर्णा, ये."

सुवर्णाने बटण दाबलं.

"व्हीयू नाइन एस डी के." थांबली. "व्हीयू नाइन एस डी के." थांबली. "व्हीयू नाइन एस डी के."



"दरसाल इथं माझा भाऊ गप्प असतो," ती म्हणाली. "यंदा तो बोलणार आहे." आणि तिने ती ध्वनिफीत लावली, पहिल्या धापेपासून 'मीच खाली जाऊन सांगतो'पर्यंत.



"याच्यावर जी कोरी लहर बसली होती, तिच्या थरथरीचं चित्र नीलोफरने आत्ता तुम्हा सगळ्यांना पाठवलंय. ते समोर ठेवा. आता मी दुसऱ्या एका स्टेशनाला तीन हाका मारते." तिने घसा साफ केला नाही, आवाज चढवला नाही. "व्हीयू नाइन एम टी आर."

ती म्हेत्र्यांची कॉलसाइन होती.

"व्हीयू नाइन एम टी आर."

जन्मभर रेडिओपाशी बसलेल्या माणसाची एक खोड असते. आपली कॉलसाइन कानावर पडली की अंगठा आपसूक बटणावर जातो. डोकं मागाहून येतं. म्हेत्र्यांचा अंगठा गेला. काळी थरथरली, मग सरळ चालली. खोऱ्यातल्या प्रत्येक पडद्यावर ते चित्र उमटलं आणि जुन्या चित्रावर येऊन बसलं, पाट्यावर वरवंटा बसावा तसं. म्हेत्र्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. बटण सोडायचंही सुचलं नाही. हवेत पुन्हा तीच कोरी लहर होती, सहा वर्षांपूर्वीची.

अखेर ती तुटली.

"व्हीयू नाइन एम टी आर," सुवर्णाने तिसरी हाक दिली. ती पुरी थांबली. "उत्तर नाही. हे स्टेशन कायमचं शांत झालं आहे."

*दुसरी माझी ओवी, वैऱ्याच्या गं दाराला,*
*सांगावा मी धाडीते, सुटलेल्या वाऱ्याला.*

* * *

पुढच्या रविवारी म्हेत्र्यांनी नेट सुरू केली. कुणी हजेरी दिली नाही. नंतरच्या रविवारी त्यांनी खुलासा करायला घेतला, पोरगा घाबरून काहीबाही बोलत होता, गोंधळ झाला असता, शिस्त म्हणून. पडद्यावर काळीचं चित्र उमटलं की माणसं आवाज बारीक करत. गुरव सरांनी काट्यावर दुसऱ्या ठिकाणी नेट नेली. म्हेत्रे तिथे आले. तिथेही मेलेल्या माणसाला कोण उत्तर देणार?

सुवर्णा मात्र ऐकायची. केंद्रातल्या तिच्या टेबलावर सोपानने दिलेला सेट होता. रविवारी पठारावरून तो म्हातारा आवाज उतरायचा, "कोणी ऐकतंय का?" आणि ती ऐकायची. जेवणापेक्षा त्याने तिचं पोट भरत होतं. महिन्याच्या महिन्याला वर जाणं तिने सोडलं नाही. पट्टा बांधायची, गोळ्या मोजायची, एक शब्द बोलायची नाही. चहा आता ते विचारत नव्हते. भिंतीवरची शालही उतरली होती.

"सुवर्णा," एकदा ते म्हणाले, "शिव्या तरी दे."

तिने नाडीवरचा हात काढून घेतला आणि आकडा कार्डावर मांडला.

श्रावण सरता सरता वादळ आलं. भर दुपारी अंधारून आलं, वाघजाईवरचा रिपीटर कोसळला, मोबाइल गेले, वीज गेली तसे ठशाचे पडदेही विझले; सेट तेवढे बॅटरीवर चालत होते. पठारावरून सरळ रेषेत पायथ्याचं आरोग्य केंद्र दिसतं, म्हणून म्हेत्र्यांची हाक खोऱ्यात एकाच सेटपर्यंत पोचली.

"मदत... मदत... म्हेत्रे बोलतोय, पठारावरून. छातीत कळ आहे, डावा हात जड झालाय. फाटक पडलंय, बाहेर पडता येत नाही. कोणी ऐकतंय का? ओव्हर."

सुवर्णाने खिडकीतून रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला हाक मारली. "रफिकभाई! गाडी काढा. डॉक्टरांना घ्या, ऑक्सिजन घ्या. म्हेत्र्यांचा बंगला. फाटक पडलंय, कटावणी घ्या."

"रस्ता आहे का, सिस्टर?"

"नसला तर करा!"

गाडी चिखल उडवत निघाली. आपलं काम तिने चोख केलं होतं. पुन्हा खुर्चीत बसली. सेटमधून आवाज आला, "कोणी ऐकतंय का?"

आता एक वाक्य बोलायचं होतं. काका, गाडी निघाली. भीती हृदयाला विष असते, हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. बोलली असती तर निम्मी कळ तिथेच उतरली असती. म्हातारा स्वतःच म्हणायचा, पोरी, तुझ्या हाताला गुण आहे.

तिने माइक उचलला. बटण दाबलं. आणि बोलली नाही.

पठारावर म्हाताऱ्याने बटण सोडलं असेल, उत्तरासाठी कान दिला असेल. उत्तराच्या जागी एक भरलेली, सपाट शांतता आली असेल. कोणीतरी आहे. कोणीतरी दाबून बसलंय. आपलं बटण दाबलेलं असताना समोरचं ऐकू येत नाही, तो काय म्हणतोय हे सुवर्णाला कळायला मार्ग नव्हता. पण तिला ऐकायची गरज नव्हती. ते शब्द तिला पाठ होते.

अंगठा दुखू लागला. पावसाने पत्रा बडवला. समोर भिंतीवर तिच्या परिचारिकेच्या शपथेची तसबीर होती, तिच्याकडे ती पाहत राहिली, नजर न चुकवता.

मध्येच एकदा अंगठा उचलला गेला. किंचित.

"...सोडा हो," म्हातारा रडत होता. "कोण आहे? सोडा हो, सोडा."

शब्द न् शब्द तोच. फक्त गळा वेगळा. सुवर्णाला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीतला धोंडा उतरेल. धोंडा जागचा हलला नाही. तिने पुन्हा बटण दाबलं, आणि सोपानची ध्वनिफीत जेवढी लांब होती तेवढं दाबून धरलं. त्याहून जास्त नाही.

भिंतीवरचा गाडीचा सरकारी सेट खरखरला. "सिस्टर, पोचलो! म्हातारा शुद्धीवर आहे, घामाने थबथबलाय. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात, निभावेल." रफिक घोटाळला. "एकच विचारतोय सारखा. कोण होतं म्हणून."

सुवर्णाने अंगठ्याकडे पाहिलं. बटणाचा चौकोन त्यावर लाल उमटला होता. समोरच्या डोंगरावर वीजवेधी मनोरा पावसात उभा होता. गाळणी नसलेला कान. तिची थरथर, तिची सरळ रेघ, सगळं त्याने नीट ठेवलं होतं. उद्या नाही तर परवा नीलोफर ते उपसेल आणि तिच्या दारात उभी राहील, तसाच जड चेहरा घेऊन. या खुर्चीवर मग कोण बसेल कोण जाणे.

"त्यांना सांगा," ती रफिकला म्हणाली, "सोपानची बहीण."

मग तिने आपल्या सेटचा माइक पुन्हा तोंडापाशी नेला. प्रत्येक बोलण्याच्या शेवटी आपलं नाव सांगायचं, हा हौशी रेडिओचा पहिला नियम. सोपानने तिला बाकी काही शिकवण्याआधी तो शिकवला होता. घोटवडीच्या दिवशी त्या लहरीने नाव सांगितलं नव्हतं.

"व्हीयू नाइन एस यू डी," सुवर्णा म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून. "एवढा वेळ बटण दाबून बसले होते ती मी. डोंगरा, हाही ठसा ठेव."

आणि तिने अंगठा उचलला.